ठमीची दोन मडकी

माझ्या सात कोंबड्यांना मी विकतचं खाद्य घालते. तरी मेल्या रोज सकाळी खुराडं उघडलं की कुंपणाखालून ठमीच्या अंगणात पळतात! निडी गावात आमच्या घरामागेच तिचं झोपडं. मजुरीवर जगणाऱ्या बाईकडे कोंबड्यांना असं काय खायला असणार? शेवटी आज तणतणत गेलेच.

"माझ्या कोंबड्या फितवतेस काय गो?"

ठमीने हसून वारुळाकडे बोट दाखवलं. त्यावर दोन मडकी पालथी होती. संध्याकाळी त्यांत शेण आणि ओला पेंढा भरून ती तिथे ठेवते म्हणे. तिने एक उचलून झटकलं, तर पेंढ्यातून वाळवी नुसती सांडली. तिच्या कोंबडीची पिल्लं त्यावर तुटून पडली. इतकी तुकतुकीत पिल्लं मी विकतच्या खाद्यावर कधी पाहिली नाहीत.

दुसरं मडकं तिने माझ्या कोंबड्यांपुढे झटकलं. "रोज येतात, चंद्राबाय. उपाशी कशा धाडू?"

मला मान वर करवेना. आमच्या परसात याहून मोठं वारूळ होतं. गेल्या वर्षी मी औषध ओतून ते मारलं, तेव्हा "नका मारू, कामाचं हाय" म्हणत धावत आलेल्या ठमीला मीच हाकलून दिलं होतं.