फिरता पेला

पेल्याच्या काठाचा एक टवका उडालेला आहे — तिथे अंगठा बरोबर बसतो. खिशात हात घालून सिद्रो तो टवका चाचपत चर्चच्या पायरीपाशी उभा आहे. दुपारचे चार वाजलेत आणि उन्हाला उतरायची घाई नाही. जाड बुडाचा, बोटाएवढा उंच पेला. पिणाऱ्यांच्या टोळक्यात पेला एकच, तो फिरतो; आणि ओतणाराही एकच, तो जागचा हलत नाही. तेवीस वर्षं ओतणारा सिद्रो. माडी असो, रम असो, प्रत्येकाला सारखं, सूतभर कमी नाही, सूतभर जास्त नाही — होड्यांना तोल सांभाळणारी उलांडी बसवणाऱ्याचा हात! पहिला घोट जमिनीला, जे दिसत नाहीत त्यांच्यासाठी. मग उजवीकडून सुरू. आणि आलेला पेला एका दमात रिकामा करायचा, तळ झटकायचा, कारण पुढचा थांबलाय. पुढचा नेहमी थांबलेलाच असतो...

आज ते सगळे पेला शोधत असतील. चोरला नाही मी. चुकून खिशात राहिला... नाही. ठेवला. ठेवलाच.

महिन्यापूर्वी लेकीने, रोवेनाने, नात त्याच्या हातात दिली होती — सकाळी, पहिला घोट घेण्याआधी, म्हणजे अगदी शुद्धीवर — आणि हात असे हलायला लागले की पोरीचं टोपडं कानावरून घसरलं. उकळतं भांडं कुणाच्या हातून काढून घ्यावं तशी तिने पोर काढून घेतली. ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडण्याला उत्तर तरी देता येतं.

काल मात्र बोलली.

"रविवारी पोरीचा बाप्तिस्मा आहे, बाबा. सगळे तुम्हालाच ओतायला बसवणार."

"मग? बसतो की."

"उद्या मंगळवार, चर्चमागे ती बैठक असते. आधी तिथे जाऊन या. नाहीतर पोर तुमच्या हातात देणार नाही. रविवारी नाही, नंतरही नाही."

"नंतर म्हणजे कधीपर्यंत?"

"नंतर म्हणजे नंतर."

"तब्येतीची हिरवी, नोकरीची पिवळी, प्रेमाची लाल!" पायरीवरच्या मेणबत्तीवालीने त्याच्या पोटाशी जुडी धरली. "कुठली देऊ, नोंग, दादा?"

"नको. ते... मागे एक खोली..."

"दारू सोडणाऱ्यांची?" — वर घंटेपर्यंत जाईल असा आवाज. "पंपाच्या बाजूनं जा! आणि जाच बरं का. मागच्या मंगळवारी एकानं तीन हिरव्या घेतल्या, पेटवल्या, रडला, आणि दारातूनच परत गेला मेला."

पेल्याशेजारी फोन थरथरला. टोळक्यातला दोदोंग.

"नोंग, पेला कुठाय? ओंजळीनं प्यायची का आम्ही? तुझ्यावाचून सगळी वरात अडलीय!" मागे हसण्याचा गलका, कुणीतरी मासे भाजतंय, त्याचा चरचर आवाज... "येतोयस ना?"

"येतो," सिद्रो म्हणाला. खरंच म्हणाला. आणि पाय पंपाच्या बाजूला वळले. का? निश्चय वगैरे काही नव्हता... टोळकं बसतं त्या दुकानाकडे चढ होता, एवढंच कदाचित. चढाचा कंटाळा आला होता. चढाचा, गलक्याचा, येतो म्हणण्याचा —

खोलीत सात प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एक करकरणारा पंखा. कोपऱ्यात एक बाई आपल्या चुका कबूल कराव्यात तसं काहीतरी खालच्या आवाजात सांगत होती. त्याला पाहून थांबली, मान हलवली, पुढे बोलू लागली. उजव्या खुर्चीतल्या जाड्या माणसाने — नाव बेर्तिंग, सेबू बेटाच्या बोटीवर खलाशी होतो म्हणाला — थर्मासातून कॉफी ओतून कप त्याच्या हातात दिला.

सिद्रोने तो एका दमात संपवला. जीभ पोळली. तळ जमिनीवर झटकला, थर्मास ओढला, पुन्हा तेवढाच भरला — बरोबर तेवढाच — आणि बेर्तिंगच्या पुढे धरला.

बोलणारी बाईच आधी हसली, आणि तिच्यामागून सगळी खोली. "अहो, इथं ज्याचा त्याचा कप असतो!"

"हसू नका रे," बेर्तिंग म्हणाला. "मी पहिल्या दिवशी बिस्किटांना चखणा म्हणालो होतो." त्याने वाकून कपात पाहिलं. "माप मात्र काटेकोर आहे हां. ओतणारा होतास?"

"आहे," सिद्रो म्हणाला.

बेर्तिंगने कप हळूच त्याच्याकडे परत सरकवला. "मग हा तुझा. सावकाश पी. इथं कुणी थांबलेलं नाही."

कुणी थांबलेलं नाही... सिद्रोने उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. बाई पुन्हा बोलू लागली होती. कप भरलेला, आणि त्याला पुढे कुठे जायचंच नव्हतं; असा कप धरायचा कसा? दोन हातांनी? मांडीवर? कॉफीवर बारीक वर्तुळं उठू लागली, काठापर्यंत जाऊन फुटू लागली, एक थेंब बोटावर आला. ओतताना हे कधी होत नाही. ओतताना हात माझे असतात. खिशात फोन पेल्याला लागून खणखणत राहिला, थांबला, पुन्हा सुरू झाला. सगळ्यांना ऐकू येत होतं. आणि हात हलतायत हेही सगळ्यांना दिसत होतं, बेर्तिंगला तर अगदी जवळून. तो वाट पाहत राहिला — आता कुणीतरी उठेल, कप हातून काढून घेईल...

पंखा करकरत होता. कुणी काढून घेत नव्हतं.