चोपदाराची काठी

मी एक जुनी काठी आहे. म्हाताऱ्याच्या हातातली नव्हे, मानाची! माथ्यावर चांदीची टोपी, तिला घुंगरं. हॉलंडमधल्या एका विद्यापीठात पीएच.डी.ची जाहीर परीक्षा होते, तिथे माझं काम असतं. प्राध्यापक पाऊण तास प्रश्न विचारतात. तो सरला की चोपदार ब्राम मला जमिनीवर आपटून ओरडतो, "वेळ झाली!" मग उमेदवार अर्ध्या वाक्यात थांबला तरी चालतं.

सुताराने मला अक्रोडाच्या लाकडातून घडवलं तेव्हा माझं केवढं कौतुक झालं! पण मित्रांनो, माझा जन्म वाद तोडण्यात गेला. एकाचाही शेवट धड ऐकला नाही. सारखी तळमळत राहिले.

मुहंमद पैगंबरांनी दूतांहाती रोमच्या आणि इराणच्या सम्राटांना पत्रं पाठवून इस्लाम स्वीकारायचं बोलावणं धाडलं, असं मुसलमानांची परंपरा सांगते. इकडचे पंडित त्यावर पिढ्यान्‌पिढ्या भांडतात. कुणी म्हणतं खरं, कुणी म्हणतं मागाहून रचलेलं. प्राध्यापक टेर्पस्ट्रांची हयात 'रचलेलं' म्हणण्यात गेली. त्यांच्याच हाताखाली नोकरी मिळेल या आशेने फेमके नावाची मुलगी याच पत्रांवर प्रबंध लिहून परीक्षेला उभी होती.

"वाळवंटात राहून पैगंबरांना दरबारी रीत कुठून कळणार हो?" टेर्पस्ट्रांनी डिवचलं.

"नव्हतीच माहीत, अतिविद्वान महोदय," फेमके म्हणाली; परीक्षेत प्राध्यापकांना असंच संबोधायची इथे रीत आहे. "म्हणून तर—"

ब्रामने मला आपटलं. "वेळ झाली!"

"सुटलीस बाई!" टेर्पस्ट्रा हसले. "आता गप्प राहा आणि सोमवारी कामावर ये."

माझा जीव कासावीस झाला. तोंड असतं तर ओरडले असते, अगं, बोल!

"वाक्य पुरं करते," फेमके म्हणाली. "मोहोर नसलेलं पत्र राजे वाचत नाहीत, असं लोकांनी सांगितलं म्हणून पैगंबरांनी मोहोर करवून घेतली. हे परंपरेतच आहे. नुसता मोठेपणा रचणारा, रीत दुसऱ्यांनी सांगितली असं कशाला लिहील? सगळं खरं, असं मी म्हणत नाही. पण सगळं रचलेलं, असंही म्हणणार नाही."

टेर्पस्ट्रांनी चष्मा काढून पुसला. फेमकेला पदवी मिळाली, नोकरी दुसऱ्याला.

"अगं वेडे, तुला गप्प बसायची सोय करून दिली होती की मी!" बाहेर ब्राम कळवळून म्हणाला.

"पाऊण तास त्यांचा होता, ब्रामकाका, वाक्य माझं होतं," ती म्हणाली आणि डोळे पुसून सायकलवर बसली.

आता माझ्या घुंगरांवर काजळी चढली आहे. मित्रांनो, ती नाही पुसलीत तरी चालेल. पण समोरचा बोलत असेल तर त्याला मध्येच तोडू नका. त्या वाक्यासाठी त्याने काय गमावलं असेल, तुम्हाला ठाऊक नसतं.