द्वारकाबाईंची वकील

दाराला आतून कडी लावा, असं लॅपटॉपमधल्या बाईंनी सांगितलं तेव्हा द्वारकाबाईंनी आधी नवऱ्याकडे पाहिलं.

बद्रीनाथ शेजारच्या खुर्चीत बसले होते. या बोलण्यासाठी त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि पाण्याचा तांब्या भरून जवळ ठेवला होता. पडद्यावर दोन चौकटी होत्या. एकीत पिकल्या केसांची इंग्रज वकीलबाई. दुसरीत सुलेखा नावाची दुभाषी. ती मराठी, राहायला लेस्टरला. वकीलबाई एक वाक्य बोलायच्या आणि सुलेखा तेच मराठीत सांगायची, स्वतःचं काही न मिसळता.

"खोलीत आणखी कुणी आहे का?"

"मी हाय ना," बद्रीनाथ म्हणाले. "मिस्टर."

वकीलबाई काही म्हणाल्या. सुलेखाने ते मराठीत सांगितलं.

"त्यांनी कृपया बाहेर जावं. बोलणं ऐकू येणार नाही इतक्या अंतरावर."

मुकुंदवाडीतलं हे घर बद्रीनाथांनी पाटबंधारे खात्यात नोकरीला असताना बांधलं होतं. त्यातल्या कुठल्याही खोलीतून त्यांना आजवर कुणी बाहेर जायला सांगितलं नव्हतं. ते उठले, तांब्या उचलला, परत ठेवला. दारात वळून त्यांनी तीन बोटं दाखवली. तीन वाक्यं. विसरू नको.

द्वारकाबाईंनी कडी लावली. हाताला ती जड लागली. दिवसाउजेडी त्या दाराला कडी लागत नसे.

विश्वजीत, त्यांचा मुलगा, इंग्लंडमध्ये डर्बी गावात घर घेत होता. तिथे घरखरेदीचं काम सॉलिसिटरमार्फत, म्हणजे वकिलामार्फत होतं, हे दोघांना एव्हाना पाठ झालं होतं. विश्वजीतच्या सॉलिसिटरने घराखाली जुनी कोळशाची खाण आहे का ते तपासलं. सांडपाण्याची नळी कुणाच्या हद्दीतून जाते ते पाहिलं. जवळच्या चर्चच्या डागडुजीचा भार शेकडो वर्षांपूर्वीच्या कुठल्या नियमाने या घरावर पडतो का, तेही शोधलं. बद्रीनाथ फोनवर ऐकत आणि हसत. सोयगावकडची दोन रानं आणि शहरातले तीन प्लॉट त्यांनी इसार देऊन, चहा पिऊन घेतले-विकले होते.

"पोरगी देताना बी माणूस एवढी चौकशी करत नाय," ते म्हणायचे.

घराच्या पैशांत आईकडून जाणारा वाटा मोठा होता. चितेगावच्या रस्त्यावरचा प्लॉट दिवाळीत विकला गेला, ते पैसे. प्लॉट द्वारकाबाईंच्या नावावर होता. म्हणून तीन आठवड्यांपूर्वी विश्वजीतच्या सॉलिसिटरने व्हिडिओवर एक साधा प्रश्न विचारला होता: या घरात आईवडिलांचा काही हक्क राहणार आहे का? उत्तर बद्रीनाथांनी दिलं होतं. पोराचं घर म्हणजे आमचंच की, आम्ही काय परके हाव का? विश्वजीतला ते ऐकून भरून आलं, आणि त्याने शब्दाला शब्द लावून इंग्रजीत सांगितलं. घर त्यांचंही आहे.

पलीकडे सॉलिसिटर लिहायचा थांबला होता.

त्या क्षणापासून काम ठप्प झालं. ज्या घरावर आणखी कुणी हक्क सांगतं, त्यावर बँक कर्ज देणार नव्हती. विश्वजीतने पत्रं लिहिली, बोलण्याची पद्धत आहे आमच्याकडे, असं समजावलं. सॉलिसिटरने शांतपणे कळवलं, की पद्धत मला कळली, पण शब्दही कळले. आता देणाऱ्या बाईंनी स्वतःचा वेगळा सॉलिसिटर घ्यावा. त्यांच्याशी एकटीने बोलावं. दुभाषी घरातला नको. त्यानंतर त्यांच्या वकिलाने लिहून दिलं तरच फाईल पुढे जाईल.

"आईला वेगळा वकील?" विश्वजीत फोनवर म्हणाला होता. "आई काय माझ्या इरोधात हाय का?" एरवी शहरी बोलणाऱ्या मुलाच्या तोंडी सोयगावची बोली आली, तेव्हा द्वारकाबाईंना कळलं की तो घाबरलाय. घर विकणारं जोडपं कंटाळलं होतं. दुसरं गिऱ्हाईक तयार होतं. सुनेने, मोनिकाने, तिथल्या शाळेत मुलीचं नावसुद्धा घातलं होतं.

मग बद्रीनाथांनी वाक्यं बसवून घेतली. मी हे पैसे राजीखुशीनं देते. मला ते परत नकोत. घर माझं नाही. पहिली दोन सहज जमली. तिसरं वाक्य जिभेवर येईना. लेकराच्या नव्या घराला, उंबरा ओलांडायच्या आधीच, माझं नाही म्हणायचं? तांदूळ निवडताना, कपडे वाळत घालताना त्यांनी ते घोकलं. आज सकाळी जमलं.

आता त्या पडद्यासमोर ताठ बसल्या आणि एका दमात तिन्ही वाक्यं म्हणून मोकळ्या झाल्या.

वकीलबाईंनी ती पूर्ण ऐकून घेतली. मग सुलेखाकडून विचारलं, "वाक्यं चांगली आहेत. कुणी तयार केली?"

द्वारकाबाईंना हसू आलं. पदर तोंडाशी गेला.

"ह्यांनी."

वकीलबाईही हसल्या. मग त्यांनी चष्मा काढला आणि हळू बोलायला लागल्या. सुलेखाचा आवाजही हळू झाला.

"मी तुमची वकील आहे. माझी फी तुमच्या मुलाने भरली, तरी मी त्याची नाही. तुम्ही इथे जे बोलाल ते मी तुमच्या परवानगीशिवाय कुणाला सांगणार नाही."

"विश्वजीतला बी नाय?"

"नाही."

"ह्यांना?"

"त्यांनाही नाही."

द्वारकाबाईंनी मागे वळून कडीकडे पाहिलं. लागलेली होती.

वकीलबाईंनी विचारलं, प्लॉट कुणाचा होता. ह्यांनी घेतलेला, द्वारकाबाई म्हणाल्या. बाईमाणसाच्या नावावर लावला की सरकार थोडी सूट देतं, म्हणून माझं नाव लावलं. घेताना आणि विकताना त्या कचेरीत गेल्या होत्या. दोन्ही वेळा कुणाचं तरी बोट कागदावर टेकलं होतं आणि बोटाखाली त्यांनी सही केली होती. प्लॉटवर कधी गेलात का? एकदा, गाडीतून. उतरले नव्हते.

"पण नाव तुमचं होतं."

"व्हय."

"म्हणजे प्लॉट तुमचा होता. पैसे तुमचे आहेत. तुम्ही हो म्हणालात तरच ते जातील."

सुलेखाने हे नळीच्या आणि खाणीच्या गोष्टी सांगाव्यात तसं सांगितलं. आवाजात कौतुक नव्हतं, कीव नव्हती. द्वारकाबाईंनी मांडीवरचे हात उलटे केले, तळव्यांकडे पाहिलं, पुन्हा पालथे ठेवले.

मग वकीलबाई एकेक करून विचारत गेल्या. उद्या मुलगा आणि सून वेगळे झाले आणि घर विकावं लागलं, तर या पैशांतलं काही परत येणार नाही, हे माहीत आहे का? मुलगा तुमच्याआधी गेला तर? तुम्ही तिथे राहायला गेलात आणि एक दिवस त्यांनी निघा म्हटलं, तर तुम्हाला हक्काने थांबता येणार नाही. तुमचे यजमान गेल्यावर तुम्ही कशावर जगाल?

इथे कुणी असं बोललं असतं तर लोकांनी त्याला अभद्र तोंडाचा म्हटलं असतं. द्वारकाबाईंना राग आला नाही. डॉक्टर पोट दाबून बघतात, दुखतं का विचारतात, तसं चाललं होतं. कुठे दुखतं हे त्यांचं त्यांनाच आता कळत होतं. निम्मी पेन्शन मिळती म्हणतात मागं, एवढंच त्या म्हणाल्या.

"शेवटचं," सुलेखा म्हणाली. "मुलाला द्यायचे नसते, तर या पैशांचं तुम्ही काय केलं असतं?"

बाहेर कुणीतरी फाटक उघडलं, लावलं. द्वारकाबाई विचार करत राहिल्या. पडद्यावरच्या दोघींपैकी एकीने घड्याळ पाहिलं नाही, दुसरीने उत्तर सुचवलं नाही. सातासमुद्रापलीकडे एक बाई पेन हातात धरून बसली होती, आणि द्वारकाबाई बोलल्याशिवाय ते पेन कागदाला टेकणार नव्हतं. हे त्यांना दिसत होतं.

"ठावं नाय," त्या अखेर म्हणाल्या. "असं कधी मनात आणलं नाय."

वकीलबाईंनी मान हलवली.

"मग देताय का?"

हो ओठांवरच होतं. लेकरू अडकलं होतं, त्याची पोर शाळेत जायची होती. तरी त्या थांबल्या.

"आजच सांगावं लागतं का?"

"नाही."

"मग तिकडची माणसं?"

"घर विकणारे, बँक, मुलाचा वकील, सगळे तुमच्यासाठी थांबलेत. विकणारे चिडतील. कदाचित दुसऱ्याला विकतीलही, ती खात्री मी देऊ शकत नाही. पण घाई त्यांची आहे. उत्तर तुमचं आहे."

द्वारकाबाईंनी तांब्यातलं पाणी घेतलं. दोन घोट सावकाश प्यायल्या.

"सोमवारी सांगते," त्या म्हणाल्या.

सुलेखाने ते इंग्रजीत सांगितलं. वकीलबाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. सोमवारच लिहिला असावा. मग दोघींनी नमस्कार केला आणि चौकटी काळ्या झाल्या.

कडी काढून त्या बाहेर आल्या, तेव्हा बद्रीनाथ अंगणाच्या टोकाला उभे होते. सांगितलं त्याहून लांब.

"म्हणलीस का तिन्ही?"

"म्हणले."

"घर माझं नाय, हे बी?"

"ते बी."

"मग झालं की."

"सोमवारी सांगते म्हणले."

बद्रीनाथांना कळायला वेळ लागला. "सोमवारी? आता काय सांगायचं राह्यलं? तिकडं पोराच्या गळ्याशी आलंय. काय विचारलं तिनं?"

"ते सांगता येत नाय," द्वारकाबाई म्हणाल्या. "ते माझं अन् वकिलाचं हाय."

त्यांचा आवाज चढला नव्हता. बायकोकडे बद्रीनाथ असे पाहत राहिले, जसं कचेरीत नवीन आलेल्या साहेबाकडे पाहावं. काय विचारायची मुभा आहे, याचा अंदाज घेत.

त्यांच्या खिशातला फोन वाजला. विश्वजीत होता. बद्रीनाथांनी फोन हातात धरला, बायकोकडे पाहिलं. ती पायरीवर बसली होती. रस्त्यापलीकडे, रेल्वेच्या रुळांवर, कडक ऊन पडलं होतं आणि ती तिकडे बघत होती. तिने फोन मागितला नाही.

त्यांनी फोन कानाला लावला. पलीकडून मुलगा भराभर विचारत होता. बद्रीनाथ चार पावलं बाजूला गेले आणि आवाज खाली आणून म्हणाले,

"थांब जरा. तुझी आई विचार करतीय."