एका दगडाचे अनेक आत्मे

विहाराच्या ओसरीवर पाय ठेवायला जागा नव्हती. भिंतीवर आकाशाचे दोन मोठे फोटो टांगलेले. स्वतःला आचान, म्हणजे गुरू, म्हणवणाऱ्या विरातने पहिल्यावर काठी टेकवली.

"हा विधीच्या आधीचा. इथे काही दिसतं? नाही! आता हा विधीनंतरचा. कोण आलंय बघा!"

"आई! माझी आई!" पुढची बाई हंबरडा फोडून म्हणाली. सगळ्यांचे हात जोडले गेले.

दुसऱ्या फोटोत खरंच एक नवा ठिपका होता. फोटो बनावट नव्हता, म्हणून तर त्याचं फावत होतं.

माझ्या बुप्फाताईलाही त्याने असाच तारा दाखवला होता. तिचा मुलगा नारिन नदीत बुडून गेला. "सुया टोचून शरीराला कवटाळून बसलीस, तर पोराचा तारा लांब जाईल," असं आचानने सांगितलं आणि ताईने इन्सुलिन सोडलं. बेशुद्ध अवस्थेत तिला लाम्पांगच्या इस्पितळात नेलं. शुद्धीवर आल्यावर तिचा पहिला प्रश्न होता, "नारिन लांब गेला का गं?"

त्याच वेळी मी ठरवलं, या माणसाला सोडायचं नाही.

मी दातांची डॉक्टर, गावात सगळे मला 'मो' म्हणतात. गच्चीवरच्या दुर्बिणीतून फोटो काढायचे आणि त्यातले लघुग्रह, धूमकेतू नेमके कुठे आहेत ते शेजारच्या ताऱ्यांवरून मोजायचं, हा माझा जुना नाद. तारे आपापल्या जागी असतात. भटका तेवढा सरकतो. ताईचा फोटो मोजला. मग त्या बाईचा आणि पिचाइ सुताराचाही मागून आणला. तिन्ही विधींच्या तारखा लावून पाहिल्या, तर भाचा, आई आणि पिचाइचा भाऊ, तिघेही एकाच वाटेने, एकाच चालीने निघाले होते!

पुढचा विधी थोंगदीकाकांच्या बायकोसाठी होता. 'आधीचा' फोटो भिंतीवर लागला, तशी मी लाल पेन घेऊन उठले.

"आचान, काकूंचा तारा कुठे उगवणार?"

"ते आत्म्याच्या मर्जीवर असतं, मो. दात उपटण्याइतकं सोपं नाही!" लोक हसले.

"मग मी सांगते." मी फोटोवर गोल काढला. "शनिवारी, अंधार पडल्यावर, इथे. कसलाही विधी न करता."

"विटाळ झाला! आता ती येणार नाही!" आचान गरजला.

"नाही आली तर नाही," थोंगदीकाका म्हणाले. "बघू तरी द्या."

शनिवारी मी माझी दुर्बीण अंगणात लावली. ना मंत्र, ना मेणबत्त्या. पडद्यावर फोटो उमटला आणि ठिपका गोलात दिसला.

"मीच मनातल्या मनात बोलावलं तिला!" आचान ओरडला.

"वा! मग उद्या तिला डावीकडे न्या. मी म्हणते, ती उजवीकडे जाईल. इथे." मी दुसरा गोल काढला.

रविवारी तो घसा बसेपर्यंत मंत्र म्हणत राहिला. मी त्याला अडवलं नाही. घाम गाळू दिला. मग फोटो घेतला. ठिपका माझ्या दुसऱ्या गोलात होता.

"हा मंगळ आणि गुरूच्या मधून फिरणारा दगड आहे," मी सांगितलं. "तो कधी कुठे असेल, हे कुणालाही आधी पाहता येतं. दगड पोचायच्या आधी त्या जागेचा एक फोटो घ्यायचा, पोचल्यावर दुसरा. तुमची आई, तुमचा भाऊ, माझा भाचा म्हणून यानं एकच दगड सगळ्यांना दाखवला!"

आचान मागच्या मागे सटकू लागला, तर दारात पिचाइ उभा. मी ताईला पुढे आणलं.

"हिला सांग. माझ्याकडे नको, हिच्या डोळ्यांत बघून सांग."

"तो... दगड होता."

"आणि औषध?"

"सोडायला नको होतं."

"मोठ्याने!"

त्याला ते साऱ्या गावासमोर पुन्हा म्हणावं लागलं. मला आनंद झाला, हे मी लपवत नाही. माझ्या तक्रारीवरून आलेल्या पोलिसांनी त्याला गाडीत घातलं, तेव्हाही झाला.

घरी जाताना ताईने विचारलं, "मग माझा नारिन कुठे आहे गं?"

"मला ठाऊक नाही, ताई. कुणालाच नाही."

ती माझा हात धरून रस्त्यातच रडली. मला तिला दुसरा तारा दाखवता आला असता. मी दाखवला नाही.

तुम्हालाही कुणी तुमचं गेलेलं माणूस दाखवायला आलं, तर रागावू नका आणि पायाही पडू नका. त्याला एवढंच विचारा: आधी सांगशील का? सगळ्यांसमोर तपासू देशील का? आणि चुकलास तर कबूल करशील? तो चिडला, तर उत्तर मिळालं असं समजा.