सगळ्यात मागची गाडी

"नाही म्हणजे नाही, एलादियोकाका. तुम्हाला तरी कळायला हवं," ग्रिसेल्दा म्हणाली. ती फाटकाच्या आत, तो बाहेर. तिनं दोन्ही हातांनी फाटक असं घट्ट धरलं होतं, जणू हा माणूस तिच्या बापाला पळवून न्यायलाच आलाय.

तो त्यासाठीच आला होता.

रस्त्याच्या कडेला त्याची साइडकारवाली जुनी मोटारसायकल थरथरत उभी होती. इंजिन त्यानं मुद्दाम बंद केलं नव्हतं. बंद केलं तर पुन्हा कधी लागेल याचा भरवसा नव्हता. एप्रिल अर्धा सरला होता; इकडे दक्षिण गोलार्धात हा पानगळीचा महिना. द्राक्षांची तोडणी संपली होती, तुनुयानच्या आसपासचे उंच पॉपलर पिवळेधमक झाले होते आणि अँडीजच्या माथ्यावर नवं बर्फ दिसायला लागलं होतं. दरवर्षी पानगळीच्या याच दिवसांत, एका शनिवारी, गावातली मित्रमंडळी मोटारसायकली काढायची आणि मळ्यांमधल्या कच्च्या वाटांनी पार डोंगराच्या पायथ्याशी जाऊन बकऱ्याचं भाजलेलं मटण खाऊन यायची. एके काळी दहा-अकरा गाड्या असायच्या. डावखुरा झुर्दो, टेलर नीनो, तोलोसा भावंडं. आता काही कबरस्तानात होते, काही मुलांकडे लांबच्या शहरांत. उरले होते दोघं. एलादियो आणि ग्रिसेल्दाचा बाप, चौकातल्या बेकरीचा फाउस्तो.

"संध्याकाळच्या आत आणून सोडतो, पोरी. सोमवारी तू त्याला मेंदोसाला त्या वृद्धाश्रमात ठेवणार. मग कसली भेट नि कसलं काय."

"बाबांना मी कोण ते सकाळी कळत नव्हतं. तुम्हाला काय ओळखणार ते?"

"नाही ओळखलं तर नाही. बसायला ओळख कशाला लागते?"

"आणि काका, ही गाडी! खटारा आहे नुसती."

"हळू बोल. तिला ऐकू येतं."

ग्रिसेल्दाला हसू आलं, ते तिनं दाबलं. तेवढ्यात मागे दार वाजलं. फाउस्तो बाहेर आला होता. गेले काही दिवस तो खिडकीजवळच्या खुर्चीतून उठतच नव्हता. जेवायलाही त्याला हात धरून आणावं लागे. पण इंजिनाचा आवाज त्याच्या कानात कुठेतरी आत जाऊन पोचला असावा. डोक्यावर त्याचं काळं हेल्मेट होतं, पट्टा लोंबत होता. हातांत कातडी मोजे. डावा उजव्या हातात, उजवा डाव्या. तो अंगणात ताठ उभा राहिला आणि घाईत असलेल्या माणसासारखं म्हणाला, "चला. उशीर झाला."

ग्रिसेल्दा काही क्षण बापाकडे बघत राहिली. मग तिनं फाटक सोडलं, जवळ जाऊन मोजे काढले, लहान मुलाच्या हातांत घालावेत तसे एकेक बोट नीट बसवत पुन्हा घातले, आणि हेल्मेटचा पट्टा लावला.

"संध्याकाळच्या आत," ती एलादियोकडे न बघता म्हणाली.

तिला एक गोष्ट एलादियोनं सांगितली नव्हती. त्याला रस्ता माहीत नव्हता.

ऐकणाऱ्याला हे खरं वाटणार नाही. इतकी वर्षं गेलेल्या माणसाला रस्ता माहीत नाही म्हणजे काय? पण एलादियो नेहमी सगळ्यात मागे असायचा. साइडकारमुळे त्याची गाडी धिमी, आणि त्या साइडकारमध्ये सगळ्यांचा संसार. कोळसा, जाळी, दारूच्या बुधल्या, पाने-पक्कड, पंक्चरचं सामान. कुणाची गाडी बंद पडली की तो थांबायचा, दुरुस्त करायचा, नाहीच झाली तर दोर बांधून ओढत आणायचा. त्याची नजर वाटेवर कधी नसेच. ती पुढच्यांच्या चाकांवर असे. कुणाची साखळी सैल झालीय, कुणाच्या मागची पेटी हलतेय, नीनोला आज जरा जास्त झालीय का. वळायचं कुठे ते फाउस्तो बघायचा. फाउस्तो पहिला. काळी गाडी, रुंद पाठ. डावा हात बाहेर आला की डावीकडे, तोच हात कोपरात मुडपून वर झाला की उजवीकडे, मूठ उंच झाली की थांबा. ती खूण एकाकडून दुसऱ्याकडे मागे सरकत यायची आणि एलादियोपाशी येऊन संपायची.

आयुष्यभराचं कामही त्याचं तसंच होतं. कालव्यावर पाटकरी. डोंगरातलं बर्फाचं पाणी पाटानं यायचं आणि पाळीप्रमाणे ज्याच्या त्याच्या मळ्याचं दार उघडायचं, बंद करायचं. खोऱ्यात एवढे द्राक्षांचे मळे, त्यात त्याचा स्वतःचा एक वेल नव्हता. बायको होती तोवर ती कधी कधी चिडवायची, "सगळ्यांच्या दारात पाणी नेऊन सोडतोस, आपल्या कुंड्या मात्र सुकल्या." तो हसायचा. त्याला त्यात कधी कमीपणा वाटला नाही.

गाव मागे पडलं. पहिला फाटा आला तेव्हा एलादियोनं गती कमी केली. दोन्ही वाटा सारख्याच, दोन्हीकडे पिवळ्या पॉपलरांच्या भिंती, मधून पाट. 'आता बोंबला,' तो मनाशी म्हणाला. आणि शेजारी, साइडकारमधून, एक हात बाहेर आला. कोपरात मुडपून वर झाला. कातडी मोजा, ताठ बोटं.

एलादियो उजवीकडे वळला.

पुढच्या फाट्यावर पुन्हा तसंच. त्याच्या पुढच्यावरही. फाउस्तोचं तोंड मिटलेलं, डोळे समोर, आणि हात असा बिनचूक, की मागे दहा गाड्या आहेत असंच वाटावं. ज्याला मुलीचं नाव आठवत नव्हतं त्याला पीच बागेच्या कोपऱ्यावरचं वळण आठवत होतं. "वा रे पठ्ठ्या," तो इंजिनाच्या आवाजात ओरडला. "बेकरीत मीठ-साखर एक केलीस, इथे मात्र चुकत नाहीस!"

फाउस्तोनं ऐकलं की नाही कोण जाणे. पण थोडं पुढे गेल्यावर त्यानं मूठ उंच केली. थांबा.

एलादियो थांबला. समोर थांबण्यासारखं काहीच नव्हतं. तारांच्या आड सरळ रांगांत लावलेली नवी द्राक्षं, दगडी खांबांचं एक भलंमोठं फाटक, त्यावर कुठल्याशा वाइनवाल्यांचं पितळी नाव. फाउस्तो साइडकारमधून खटपट करत उतरला, फाटकाशी गेला आणि पँटची बटणं सोडायला लागला.

तेव्हा एलादियोला उमगलं. इथे अक्रोडाचं जुनं झाड होतं. दरवर्षी सगळे इथेच थांबायचे, एका ओळीत उभे राहायचे, आणि झुर्दो सगळ्यांना हसवून कुणाला नीट करू द्यायचा नाही.

"ओ! ओ काका! इथे नाही!" फाटकातून रखवालदार धावत आला. चांगला पोट सुटलेला, मिशाळ माणूस.

"होऊ दे त्याचं," एलादियो म्हणाला. "तीस वर्षं इथेच करतोय. तुमचं फाटक नंतर आलं."

रखवालदारानं फाउस्तोकडे पाहिलं, मग नीट पाहिलं. "हे चौकातल्या बेकरीचे ना? माझी आई यांच्याकडूनच पाव आणायची." त्यानं टोपी मागे सरकवली आणि दुसरीकडे तोंड करून, द्राक्षांच्या रांगांकडे बघत उभा राहिला. निघताना त्यानंच फाउस्तोला हात देऊन गाडीत बसवलं.

पुढे वाट चढाला लागली. वारा गार होता. पाटात गळालेली पानं वाहत होती, वाटेवरही पानांचा थर होता आणि चाकाखाली त्यांचा कागदासारखा आवाज येत होता. मग एक मोठा तिठा आला. एलादियोनं गती कमी करून शेजारी पाहिलं.

हात आला नाही.

"कुठे रे? डावीकडे?"

फाउस्तोनं वळून त्याच्याकडे पाहिलं. त्या डोळ्यांत नुसती भीती होती.

"तुम्ही कोण?" फाउस्तो म्हणाला. "कुठे नेताय मला?"

"अरे, मी. बकरं खायला चाललोय आपण, लेका."

"मला घरी जायचंय. मला ओळखत नाही मी तुम्हाला. मला उतरू द्या!" बोलता बोलता त्याचे शब्दही एकमेकांत अडखळले, आणि चालत्या गाडीतच त्यानं एक पाय बाहेर काढला. एलादियोनं एका हातानं त्याची कॉलर धरली, दुसऱ्यानं ब्रेक दाबला. गाडी कडेच्या मातीत तिरपी होऊन पाटाच्या अगदी काठाशी थांबली आणि बंद पडली.

एकदम शांतता झाली. ग्रिसेल्दाचं बरोबर होतं, त्याला वाटलं. आपण मूर्ख. पुढची वाट ठाऊक नाही, मागची आठवत नाही, गाडी बंद, आणि शेजारी एक म्हातारा अनोळखी माणसाला बघून रडतोय. अनोळखी माणूस म्हणजे आपण. शाळेत एका बाकावर बसलो, याच्या लग्नात करवला झालो, माझी बायको गेली तेव्हा हा आठवडाभर रोज पहाटे दारात गरम पाव ठेवून जायचा.

त्यानं फाउस्तोला धरून खाली आणलं, पॉपलरच्या बुंध्याशी बसवलं. नळीच्या कपातल्या माते या कडवट पाल्यावर थर्मासमधलं गरम पाणी ओतलं आणि तो चहा त्याला दिला. फाउस्तोनं नळी तोंडात धरली, पण प्याला नाही. मग एलादियोनं फडक्यातून पाव काढला, मोडून अर्धा त्याच्या हातात दिला.

फाउस्तोनं सवयीनं आधी वास घेतला. चावला. बराच वेळ चावत राहिला.

"मीठ कमी आहे," तो म्हणाला.

"असेल. तुझी बेकरी बंद झाल्यापासून गावात धड पाव मिळत नाही."

"भट्टीही नीट तापलेली नव्हती." त्यानं दुसरा घास घेतला. खांदे जरा सैल पडले. मग त्यानं आल्या वाटेकडे पाहिलं, दूरवर, आणि त्याच्या कपाळावर आठी पडली. "बाकीचे कुठे राहिले?"

एलादियो पावाचं फडकं घडी करू लागला. नीनो गेला त्या वर्षी हाच म्हणाला होता, एक कमी झाला म्हणून दिवस चुकवायचा नाही. झुर्दोच्या वेळीही तेच.

"बाकीचे कुठे राहिले, विचारतोय मी!" आवाजात जुना दरारा आला.

"येतायत. मागून येतायत."

"सगळ्यात मागे कोण आहे?"

एलादियोनं त्याच्याकडे पाहिलं. इतक्या जवळून, की त्याच्या दाढीतले पावाचे कण दिसत होते.

"एलादियो आहे," तो म्हणाला.

"मग ठीक." फाउस्तोनं पाठ झाडाला टेकली. "एलादियो मागे असला की काळजी नाही. गाडी म्हणजे त्याची हातगाडीच आहे, बैल बरा तिच्यापेक्षा. पण कुणाला टाकून येत नाही तो." तो थोडा थांबला. "मी त्याला कधी सांगितलं नाही हे. पुढे बघून चालवता यायचं, ते तो मागे होता म्हणून. मागे वळून बघायची मला गरजच पडली नाही कधी."

"सांगायचं होतंस मग."

"डोक्यावर बसला असता," फाउस्तो म्हणाला आणि हसला. तेच त्याचं जुनं, एका बाजूनं हसणं. "आले की जेवू. ते आल्याशिवाय कुणी मटणाला हात लावायचा नाही."

"नाही लावत."

दोघं बसून राहिले. वाऱ्याची झुळूक आली की पानं सुटायची, गिरक्या घेत त्यांच्या पायांवर, गाडीवर, पाटाच्या पाण्यावर यायची. एलादियोनं माते प्यायला, पुन्हा भरला, फाउस्तोला दिला, आणि या वेळी तो प्याला. वाटेनं कुणी आलं नाही. पण थोड्या वेळानं एलादियोच्या लक्षात आलं, की आपणही त्याच दिशेला बघतोय आणि कान देऊन ऐकतोय.

ऊन कलायला लागलं तसा फाउस्तो आपणहून उठला. पँट झाडली, मोजे चढवले, या वेळी बरोबर हातांत.

"चला. आले."

"आले?"

"ऐकू येत नाही? सगळे आले. निघा."

एलादियोला पॉपलरांतल्या वाऱ्याशिवाय काही ऐकू येत नव्हतं. त्यानं गाडीला लाथ मारली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा ती धरली. फाउस्तो आपल्या जागी बसला, त्याचा हात बाहेर आला, आणि तिठ्यावर त्यानं ठामपणे डावीकडची वाट दाखवली.

वाट बरोबर होती की नाही, हे एलादियोनं विचारलं नाही. तो वळला. थोडं पुढे गेल्यावर त्यानं आरशात पाहिलं. मागे धूळ होती, आणि चाकांनी उडवलेली पिवळी पानं धुळीत वर उठून पुन्हा वाटेवर बसत होती. त्यानं शेजारच्या माणसाकडे एकदा पाहिलं, आणि हळूच गती कमी केली. मागच्यांना गाठता यावं म्हणून.