गुलीबाईचा मेकअप

मोतीलाल अण्णांची दाढी रोज सकाळी दामिनीलाच चिकटवावी लागे, आणि रोज सकाळी तिला तिची शिसारी येई. दाढी तशी देखणी होती. पांढरीशुभ्र, छातीवर रुळणारी, जादूगाराच्या गुरूला शोभेल अशी. पण अण्णांच्या गालात उठल्यापासून तंबाखूचा बार असे, आणि आठवडाभरातच ओठांजवळचे केस पिवळे पडून ताठ झाले होते. दामिनी ते शाम्पूने धुवायची, वर अत्तर लावायची. अण्णांनी तोंड उघडलं की सगळं मुसळ केरात. शिवाय डिंक वाळेपर्यंत गप्प बसणं त्यांना जमत नसे. "बेटा, तुन्हा हात कितला मऊ शे," म्हणत ते हनुवटी पुढे करत आणि शेजारच्या कमंडलूत पचकन थुंकत. तोच कमंडलू पुढे शॉटमध्ये असे. त्यातलं मंतरलेलं पाणी शिंपडून गुरू झालेले अण्णा शिष्याला आशीर्वाद देत.

शहाद्याला दामिनीचं ब्यूटी पार्लर होतं. लग्नसराईत तिला दम खायला फुरसत नसायची. भूपेंद्र हा तिचा लांबचा मामेभाऊ. उसाच्या वाहतुकीचा त्याचा धंदा, पण जीव सगळा व्हिडिओत. त्याच्या अहिराणी विनोदी व्हिडिओंनी खानदेशातला प्रत्येक मोबाईल व्यापला होता. आता तो मोठा सिनेमा करत होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांनी मिळून बघावा असा. गोष्ट अशी की माधव नावाच्या एका पोराच्या बोटांत जन्मापासून जादू असते, पण त्याला ती नको असते. त्याला साधं शेत करायचं असतं. गुरू त्याला ओढत डोंगरावर नेतो, तयार करतो, आणि शेवटी माधव गावाचं दूध नासवणाऱ्या डाकिणीला पळवून लावतो. नवऱ्यामुलींना सजवून कंटाळलेल्या दामिनीनं गोष्ट ऐकताच होकार दिला होता.

माधव झाला होता भूपेंद्रचा पुतण्या लखन. कळसाडीचा, कॉलेजात जाणारा, उंच आणि लाजरा. त्याला कॅमेऱ्यासमोर उभं राहायचंच नव्हतं. "काका, माले नही जमत," असं तो रोज म्हणे. भूपेंद्र हसून त्याच्या पाठीवर थाप मारी. "म्हणीसनच तुले लिन्हा. माधवले बी नही जमत!"

शूटिंग तोरणमाळला चाललं होतं. जानेवारीची थंडी, तळ्यावर धुकं, आणि भूपेंद्र आनंदात. एके दिवशी मात्र त्याचं तोंड उतरलं. डाकिणीचं काम करणारी बाई धुळ्याहून निघाली होती. घाटाच्या वळणांवर तिला इतक्या उलट्या झाल्या की ती अर्ध्या वाटेवरून परत फिरली.

"खात्या," भूपेंद्रनं जीपवाल्याला हाक मारली, "तुन्हा पाडावरतीन एखादी डोकरी लई ये. चेहरा फक्त सुरकुतेल पाहिजे."

खात्या पावरा समाजाचा, खालच्याच पाड्यावरचा. तो थोडा घुटमळला. मग गेला आणि तासाभरानं एका म्हातारीला घेऊन आला.

तिचं नाव गुलीबाई. ती जीपमधून उतरली तेव्हा दामिनी बघतच राहिली. म्हातारीनं ठेवणीतलं लाल लुगडं नेसलं होतं. केसांना तेल लावून चापून अंबाडा घातला होता. गळ्यात चांदीचं जाड कडं, आणि ते चिंचेनं घासून लख्ख केलेलं. ती खात्याशी पावरीत काहीतरी बोलली आणि लाजून हसली.

"काय म्हणतात?" दामिनीनं विचारलं.

"फोटो निघणार म्हणून तयारी करून आलेय, म्हणते." खात्या दामिनीशी शाळेतलं मराठी बोले. "मी तिला सांगितलं, सिनेमात आजी व्हायचं आहे."

"आजी?"

खात्यानं मान खाली घातली. "भूपेंद्रभाऊ म्हटले, तसंच सांग."

मग तो दामिनीला जरा बाजूला घेऊन गेला आणि हळू आवाजात बोलला. गुलीबाई पाड्याच्या टोकाला ओढ्याकाठी एकटी राहत होती. नवरा गेला, पाठोपाठ शेजाऱ्याचा एक बैल मेला, आणि कुणीतरी तिच्या नावानं तो शब्द उच्चारला. तेव्हापासून तिच्या अंगणातून कुणी जात नव्हतं. "डाकण म्हणतात तिला," खात्या म्हणाला. "दुसरी कोणती म्हातारी यायला तयार नव्हती. ही लगेच निघाली. हिला कुणी बोलावत नाही ना."

दामिनीनं हातातला मेकअपचा डबा खाली ठेवला. ती भूपेंद्रकडे गेली. "भाऊ, तुमले माहीत शे का, तिले गाव खरंच डाकण म्हणस?"

भूपेंद्रचे डोळे चमकले. "खरंच? मंग तं बेसच! लोकेसले सांगसूत, असली डाकण शे!" मग तिचा चेहरा बघून त्यानं आवाज मऊ केला. "अवं, सिनेमा शे. खोटं शे सगळं. तू काजळी लाव, दात काळा कर, केस सोड. ऊन जाई ऱ्हायनं."

ऊन जात होतं हे खरं. वीस माणसं खोळंबली होती हेही खरं. आणि दामिनीनं डबा उघडला, हेही खरंच. त्या तासाभरात तिला आपल्या बोटांची जितकी शिसारी आली तितकी अण्णांच्या दाढीचीही कधी आली नव्हती. गुलीबाईनं विश्वासानं चेहरा वर केला होता, अगदी नवरीनं करावा तसा. डोळे मिटून ती मेकअपच्या गार स्पर्शाची वाट पाहत होती. दामिनीनं तिच्या सुरकुत्यांत काजळी भरली, ओठांच्या कडेला लाल रंगाचा ओघळ काढला, तो चापून घातलेला अंबाडा सोडला आणि केस विस्कटले. गुलीबाईनं हातानं खूण करून आरसा मागितला. दामिनीनं आरसा मांडीखाली सरकवला आणि 'नंतर' अशी मान हलवली.

भूपेंद्रनं पाड्यावरची पोरं जमवली होती. चिंध्यांचे गोळे चिखलात बुडवून त्यांच्या हातात दिले होते. खात्यानं त्यांना काय ओरडायचं ते सांगायला नकार दिला आणि तो जीपपाशी जाऊन उभा राहिला. पण पोरांना तो एक शब्द शिकवायची गरजच नव्हती.

गुलीबाईला एका मोठ्या दगडापाशी उभं केलं. समोर जांभळ्या झग्यातला लखन, त्याच्यामागे दाढीवाले अण्णा. कॅमेरा सुरू झाला.

"मार बेटा!" अण्णा गरजले. आवाज मोठा कमावलेला, रंगभूमीवर घासलेला. "ती डाकण शे! तिन्हावर दया करशी तं तुन्ही जादू मरी जाई!"

लखननं हात उचलला. त्याच क्षणी पोरं ओरडली, "डाकण! डाकण!" आणि गोळे सुटले. एक गुलीबाईच्या खांद्यावर बसला, एक कपाळावर.

म्हातारी दचकली नाही. ती नुसती थिजली. हसू तोंडावर तसंच राहिलं आणि डोळ्यांतून निघून गेलं. मग ती पोरांच्या दिशेनं चालू लागली. एका पोराचं नाव घेऊन तिनं हाक मारली आणि दोन्ही हात पुढे केले, आईनं दूर गेलेल्या लेकराला बोलवावं तसे. ते पोर जागच्या जागी मुतलं. मग किंकाळी फोडून पळालं, आणि त्याच्यामागे बाकीची सगळी.

"कट करू नको!" भूपेंद्र दबक्या आवाजात कॅमेरामनला म्हणत होता. "चालू ठेव, चालू ठेव! काय बेस शॉट भेटना! मुंबईवालासले बी असा भेटाव नही!"

लखननं उचललेला हात खाली घेतला. "काका, ती रडी ऱ्हायनी."

"म्हणीसनच तं!" भूपेंद्र म्हणाला.

दामिनी कॅमेऱ्यासमोर धावत गेली. तिनं खोबरेल तेलाचा बोळा गुलीबाईच्या गालावर टेकवला मात्र, म्हातारीनं तिचा हात झिडकारला. तिनं स्वतःच्या बोटांनी गाल पुसला, बोटांवरची काजळी बघितली, आणि मग दामिनीकडे बघितलं. खात्याला मधे बोलण्याची गरज पडली नाही. गुलीबाई दामिनीच्या पायाशी थुंकली आणि पायवाटेनं उतरू लागली. जीप नको म्हणाली.

अण्णांनी कंबरेवर हात ठेवून सगळं पाहिलं होतं. "पोरी, कलाकारले इतलं हळवं ऱ्हाईसन नही चालत," ते म्हणाले आणि त्यांनी कमंडलू जवळ ओढला. लखनला त्यांनी खांद्याला धरून बाजूला नेलं, काहीबाही समजावलं. थोड्या वेळानं लखन मान खाली घालून पुढच्या शॉटसाठी उभा राहिला. दामिनीला त्याचा राग आला नाही. ती आपला डबा आवरू लागली.

खात्यानं जीप सुरू केली. "पोरं पाड्यावर पोचली असतील," तो म्हणाला. "डाकण मागं लागली म्हणून सांगतील. आज काहीतरी होईल तिथं."

दामिनी डबा घेऊन त्याच्या शेजारी बसली.

पाड्यावर बाया-माणसं अंगणात जमली होती. ते मुतलेलं पोर आईच्या कंबरेला चिकटून हुंदके देत होतं. दोन-चार माणसांच्या हातात काठ्या होत्या आणि गुलीबाई अजून वाटेतच असावी. दामिनीला पावरी येत नव्हती. काय बोलावं हेही सुचत नव्हतं. ती सगळ्यांसमोर जमिनीवर बसली, डबा उघडला आणि स्वतःच्या तोंडाला काजळी फासू लागली. कपाळ, गाल, सुरकुत्या नव्हत्या तिथं सुरकुत्या. दात काळे केले, ओठांतून लाल ओघळ काढला, वेणी सोडली. एक पोरगी दोन पावलं मागे सरली.

"हे बघा," दामिनी म्हणाली, आणि खात्या तिचं बोलणं पावरीत सांगत गेला. "हे मी केलं. त्यांना मी रंगवलं. त्यांनी कुणाला घाबरवलं नाही. त्या पोराला जवळ घ्यायला गेल्या होत्या." मग तिनं बोळा घेऊन अर्धा चेहरा पुसला. अर्धी डाकीण, अर्धी पार्लरवाली. पोरांतलं एक खुदकन हसलं. मग दुसरं. मघाची पोरगी पुढे आली, तिनं दामिनीच्या गालाला बोट लावलं आणि ते काळं बोट सगळ्यांना दाखवलं. काठ्या धरलेली माणसं एकमेकांकडे बघू लागली आणि हळूहळू पांगली.

पण त्या पोराची आई हलली नाही. ती काहीतरी बोलली. खात्या जीपकडे वळला.

"सांग ना."

"ती म्हणते, तू धुतलंस की झालीस गोरी. तिचं धुऊन जात नाही."

पाड्याचा कारभारी त्यांच्याबरोबर वर आला. वयस्कर, कमी बोलणारा माणूस. तो भूपेंद्रला म्हणाला, "दाखव." छोट्या पडद्यावर त्यानं सगळा शॉट उभ्यानं पाहिला आणि मराठीत एवढंच बोलला, "हे पुसा. नाही तर उद्या इथं कुणाची गाडी चढणार नाही." भूपेंद्रनं हात जोडले, चूक झाली म्हणाला, अगदी कान पकडून म्हणाला, आणि कॅमेरामनला सांगून सगळ्यांच्या देखत शॉट पुसला. कारभारी गेला. दामिनीनं त्याच संध्याकाळी सामान आवरलं. दाढी टेबलावर ठेवली, डिंकाची बाटली तिच्याजवळ ठेवली, आणि खात्याच्या जीपनं घाट उतरली.

महिनाभरानं लखन पार्लरच्या दारात येऊन उभा राहिला. आत बायका होत्या म्हणून बाहेरच घुटमळत राहिला. दामिनी बाहेर आली.

"ताई, तो शॉट पुसेल नही शे," तो म्हणाला. "कॅमेराम्हा दोन कार्ड राहतस. काकानी एकच पुसं. दुसरं तसंच शे. शॉट सिनेमाम्हा घेल शे." त्याचे कान लाल झाले होते. "माले तव्हळच माहीत व्हतं. अण्णानी सांगं, तोंड बंद ठेव, तुन्हं नाव व्हई."

दामिनीनं भूपेंद्रला फोन लावला. तो हसला. "अवं, ट्रेलर देख आधी! तोच शॉट सगळासले आवडी ऱ्हायना." तिनं ट्रेलर पाहिला. मागे वाजतगाजत संगीत, पडद्यावर रंगीत ठिणग्या, आणि त्या ठिणग्यांच्या मधोमध हात पुढे करून चालत येणारी गुलीबाई. खाली हजारो लोकांनी हसण्याच्या खुणा टाकल्या होत्या. दामिनी मोरीत गेली आणि ओकली.

दुसऱ्या दिवशी ती लखनला घेऊन पोलिसांत गेली. बाईला डाकीण ठरवणं हा गुन्हा आहे, असा कायदा आहे, एवढं तिला ठाऊक होतं. लखननं सगळं सांगितलं, काकाचं नाव घेऊन सांगितलं. घरात त्याच्याशी कुणी बोलेनासं झालं. दामिनीच्या आईला नातेवाइकांचे फोन आले. "घरनाच माणसंवर असं करस का कोणी?" पण भूपेंद्र घाबरला. सिनेमा सुट्टीत आला तेव्हा त्यात तो शॉट नव्हता. लोकांनी सहकुटुंब पाहिला. मोतीलाल अण्णांचा गावोगाव सत्कार झाला. चांगल्या गुरूशिवाय माणूस घडत नाही, असं ते प्रत्येक ठिकाणी बोलले.

ट्रेलरमधला तुकडा मात्र कुणाकुणाच्या फोनवर राहिलाच होता. तो या फोनवरून त्या फोनवर फिरत राहिला.

पावसाळ्याआधी दामिनी तोरणमाळला गेली. तिला गुलीबाईची माफी मागायची होती. खात्या तिला ओढ्याकाठी घेऊन गेला. म्हातारी अंगणात मोह वाळत घालत होती. तिनं दोघांना ओळखलं. खात्यानं तिला सगळं समजावलं: तक्रार झाली, शॉट सिनेमातून काढून टाकला, ही बाई लढली.

गुलीबाईनं ऐकून घेतलं. मग ती एक वाक्य बोलली आणि पुन्हा मोहाच्या फुलांकडे वळली.

"काय म्हणाल्या?"

"म्हणते, हिला सांग, पुन्हा येऊ नकोस. तू येतेस की लोक जमतात."

दामिनीनं वळून पाहिलं. पाड्यावरची चार-पाच माणसं खरंच वाटेवर येऊन उभी होती. एकाच्या हातात फोन होता आणि तो त्यांच्याकडे रोखलेला होता.