‘व्हिम’चा अर्थ

गुन्सान या आमच्या बंदराच्या गावातल्या शाळेत मी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. ‘व्हिम’ म्हणजे मनात अचानक उसळलेली ऊर्मी, असं मी मुलांकडून पाठ करून घ्यायचे. मलाही तेवढंच ठाऊक होतं.

मी निवृत्त झाल्यावर मासळीबाजारातली मालसून माझ्याकडे आली. तान्ही असताना दत्तक दिलेली तिची मुलगी अमेरिकेहून भेटायला येणार होती.

"बाई, तिची भाषा मला येत नाही, माझी तिला. तुम्ही मध्ये बसाल?"

बंदराजवळच्या चहाच्या दुकानात आम्ही तिघी बसलो. मुलीचं नाव डॅना. कपाळ थेट आईचं. मालसून हातांना मासळीचा वास येतो म्हणून ते टेबलाखालीच ठेवून बसली होती.

डॅनानं एकच विचारलं, "मला का दिलंस?"

मालसून खाली मान घालून म्हणाली, "तिरीमिरीत दिलं गं."

मी भाषांतर केलं. तिरीमिरीसाठी ‘व्हिम’ म्हणाले.

"व्हिम?" डॅनानं माझ्याकडे पाहिलं. "नक्की हाच शब्द?"

"हाच," मी म्हणाले. थोड्या ऐटीतच.

ती उठली, आईला वाकून नमस्कार केला आणि निघून गेली.

"अशी कशी गेली?" मालसून रडायला लागली. मग माझ्यापाशी सगळं बोलली. तिसरीही मुलगीच झाली म्हणून नवऱ्यानं ओल्या बाळंतिणीला लाथा घातल्या. त्याच संतापात ती पोर घेऊन घराबाहेर पडली आणि दत्तक-संस्थेत पोर देऊन, सही करून आली. दुसऱ्या दिवशी परत आणायला धावली, तेव्हा संस्थेतला पाळणा रिकामा होता.

घरी गेल्यावर मोठा शब्दकोश काढला. ‘व्हिम’ म्हणजे लहर. रस्त्यानं जाताना आवडली म्हणून टोपी विकत घ्यावी, तशी.

त्याच दिवशी मी डॅनाला सविस्तर पत्र लिहिलं. चूक माझी, तुझ्या आईची नाही, असं दोनदा लिहिलं. महिन्यानं उत्तर आलं. ‘तुम्ही भल्या आहात, म्हणून आता शब्द बदलताय. पहिला शब्द खरा होता. पुन्हा लिहू नका.’

बाजारात जाऊन मी मालसूनला सगळं सांगितलं. ती मासे साफ करत होती. सुरी थांबली.

"म्हणजे मला लहर आली म्हणून मी तिला…"

"मालसून, चूक माझी आहे."

"तुमची कसली, बाई? दिलं तर मीच ना."

मी पुन्हा दोन पत्रं पाठवली. दोन्ही न उघडता परत आली. ते मी तिला सांगितलं नाही, आणि तिनंही कधी विचारलं नाही.